अंगावरची विद्या

१७२० साली शाहू छत्रपतींनी तरुण बाजीरावास पेशवेपद दिले, तेव्हा ते देणे वस्त्रे देऊन पुरे झाले. मराठी राज्यात अधिकार कागदावर जितका असे तितकाच अंगावरही असे. ज्याला पद मिळायचे त्याला भर दरबारात वस्त्रे मिळत, आणि पुढे सत्तेचा सारा कारभार पुण्यात एकवटल्यावरही पेशव्यांना पदाची वस्त्रे मात्र साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत. राजवाड्यातल्या कापडचोपडाची व्यवस्था पाहण्यासाठी जामदारखाना नावाचे स्वतंत्र खाते असे. शालजोड्या, किनखाब, मंदील, शेले, सनगे अशा जिनसांची आवकजावक तेथे तपशीलवार रुजू होई, आणि कोणाला काय दिले यावरून त्या माणसाचा दरबारातला मान कळे. राज्यकर्त्यांना जे इतक्या नेमकेपणाने ठाऊक होते, ते आमच्या शिक्षणव्यवस्थेस मान्य व्हायला पुष्कळ काळ जावा लागला. आणि नाटक-चित्रपटांची वेशभूषा हा विद्यापीठात बसून अभ्यासण्याचा विषय आहे असे सांगितले की आजही समोरच्या सुशिक्षित माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर जो संभ्रम उमटतो, तो पाहून मला वाईट वाटते.

मी हा विषय एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकले. कापडाचे तुकडे, रंगांच्या डब्या, फॅशनच्या मासिकांतली चित्रे असे काहीतरी पहिल्या आठवड्यात हाती येईल अशी आम्हा विद्यार्थ्यांची कल्पना होती. परंतु आमच्या सरांनी आमच्यापुढे ठेवल्या त्या जुन्या कागदपत्रांतल्या कापडाच्या याद्या. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून ठेवलेले आहेत; इतिहासाचे विद्यार्थी ते लढाया आणि तहांसाठी चाळतात, आम्हाला ते पोशाखांसाठी चाळायला सांगितले गेले. यादीतला एखादा जिन्नस निवडावा, तो कोणाच्या अंगावर असेल, कोणत्या ऋतूत असेल, तो पेलण्याची त्या माणसाची ऐपत किती असेल, तो मळल्यावर कोण धूत असेल, याचा अदमास करावा आणि मगच पेन्सिल उचलावी, असा त्यांचा शिरस्ता होता. भरतमुनींनी अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक, त्यांपैकी तिसरा आपला, असे ते पहिल्याच दिवशी म्हणाले. वेश हा अभिनयाला नंतर घातलेला अलंकार नसून अभिनयाचाच एक प्रकार आहे हे त्या प्राचीन शास्त्रकाराने किती सहजपणे गृहीत धरले होते, याचा अर्थ मात्र आम्हाला हळूहळू कळत गेला.

अभ्यासक्रमात जे जे असते ते सर्व होते: वस्त्रांचा इतिहास, धागे आणि विणीचे प्रकार, रेखाटन, बेतणे आणि शिवणे, संहिता वाचून प्रवेशवार तक्ता तयार करणे, खर्चाचा अंदाज बांधणे. त्याचे वर्णन करण्यात फारसा अर्थ नाही. सांगण्यासारखी गोष्ट निराळी आहे, आणि ती अशी की वेशभूषा ही प्रेक्षकाच्या डोळ्यांसाठी असते ही आमची समजूत त्या वर्षांत मुळापासून बदलली. वेश आधी नटाच्या देहावर काम करतो. त्या देहात जे घडते तेच पुढे प्रेक्षकास दिसते.

हे पटवून देण्यासाठी सरांनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी वर्गातल्या सर्वांना, मुलांनासुद्धा, नऊवारी लुगडी नेसायला लावली, आणि नेसून झाल्यावर कोणी आरशाकडे वळण्याआधीच जमिनीवर बसा, उठा, जिना चढा, खाली वाकून बादली उचला, असे एकामागून एक हुकूम सोडले. काष्टा नीट बसला असेल तर पाऊल किती मोकळे पडते, आणि ज्या बायकांनी शतकानुशतके शेते राखली, पाणी वाहिले, प्रसंगी घोड्यावर मांड ठोकली, त्यांच्या देहांना या वस्त्राने कशी साथ दिली असेल, हे त्या तासाभरात आम्हाला पायांनी समजले. त्याच नऊ वारांचा ब्राह्मणी नेसणीत घोळ घोट्यापर्यंत उतरतो, पुढे ओचा येतो, आणि चाल आपोआप लहान, जपून पडणारी होते. कोळीण तेच लुगडे गुडघ्यापर्यंत घट्ट आवळून नेसते आणि तिचे पाऊल लांब, टाचेवर जोर देणारे पडते. कापड तेच, लांबी तीच. पण एक नेसण ओटीवरून माजघरात जाण्याची आहे, दुसरी होडीतून उतरून पाणी तुडवीत किनाऱ्याला येण्याची. या दोन स्त्रियांना रंगमंचावर वेगळे दाखवायचे असेल तर त्यांच्या लुगड्यांचे रंग वेगळे करणे ही अगदी शेवटची गोष्ट आहे.

पुरुषांच्या बाबतीत पगडीने हेच शिकविले. पागोटे रोज डोक्यावर गुंडाळायचे, म्हणून ते त्या त्या दिवशीच्या हाताप्रमाणे थोडे सैल, थोडे तिरके बसते आणि मानेला सवलत देते. चक्रीदार पुणेरी पगडी मात्र एकदा कारागिराने बांधून शिवून ठेवलेली, ताठ आणि जड. ती डोक्यावर ठेवलेला माणूस मान वळवीत नाही, खांद्यासकट वळतो. नमस्कार करताना मान झुकवीत नाही, कमरेतून वाकतो. ऐतिहासिक नाटकातल्या कारभाऱ्याचा जो भारदस्तपणा आपण नटाच्या अंगचा समजतो त्यातला केवढा तरी वाटा त्या पगडीचा असतो. म्हणूनच, तालमी चालू असता नटांना रोजच्या पॅंट-शर्टात ठेवून रंगीत तालमीच्या दिवशी एकदम पोशाख चढवायचा ही आपल्याकडची जुनी रीत मला फार घातक वाटते. निदान पायातले आणि डोक्यावरचे तरी पहिल्या आठवड्यापासून द्यावे, याविषयी मी आजवर दिग्दर्शकांशी भांडत आले आहे आणि पुढेही भांडेन.

विद्यापीठातल्या गुरूंइतकेच ऋण माझ्यावर आहे ते विभागात शिवणकाम पाहणाऱ्या मास्तरांचे. त्यांचे आयुष्य नाटक कंपन्यांच्या कपडेपटात गेले होते. शिक्षण किती झाले होते हे मी कधी विचारले नाही. एकदा वर्गापुढे त्यांनी कपडेपटातला एक जीर्ण अंगरखा घेतला, ब्लेडने त्याची बगल उसवली आणि आतून कापडाचा एक लहानसा चौकोनी तुकडा काढून तळहातावर ठेवला. तो चौबगला. अंग आणि बाही जिथे मिळतात तिथे, बगलेच्या खाली, तिरका बसविलेला हा तुकडा बाहेरून कोणाला दिसत नाही. कोणत्याही चित्रात तो नसतो. मास्तरांनी मग एका मुलाला तोच अंगरखा घालून तलवार उगारायला सांगितले. ज्या बाजूचा चौबगला काढला होता त्या बाजूने हात वर जाताच सबंध अंगरखा कमरेपासून वर ओढला गेला, शेल्याची गाठ सरकली, गळा कानापर्यंत चढला. दुसऱ्या हाताने तीच क्रिया केली तेव्हा वस्त्र जागचे हलले नाही. मास्तर म्हणाले, “ताई, नुसता उभा राहणारा राजा कोणीही शिवील. हात उगारणारा राजा शिवायचा असेल तर इथं कापड द्यावं लागतं.”

मी तो तुकडा हातात घेऊन पाहिला. चारही कडांना धाग्यांची बारीक पिंजर उठली होती, एक कोपरा घामाने पिवळा पडून कडक झाला होता, आणि एका कडेला जुन्या शिवणीच्या शेजारी दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचे टाके होते. म्हणजे हा अंगरखा कोणा एका नटासाठी बेतला गेला, पुढे अंगाने थोराड अशा दुसऱ्या नटाच्या वाट्याला आला, आणि त्याच्यासाठी कोणीतरी हा तुकडा काढून मोठा बसविला. नाटकाचा इतिहास लिहिताना आपण नाटककार, नट, फार तर गायक यांची नावे लिहितो. तो दुसऱ्या रंगाचा दोरा ज्याने ओवला त्याचे नाव कुठेही सापडत नाही.

रंगमंचाची गरज मास्तर अशी शिकवीत की ती विसरणे शक्य नसे. बाराबंदीचे बंद एकेक बांधायला वेळ लागतो, आणि विंगेत तर नटाला दोन प्रवेशांच्या मध्ये जेमतेम श्वास घेण्यापुरती उसंत मिळते. म्हणून बंद दाखविण्यापुरते शिवायचे आणि आतून टिचबटणे लावायची. वेल्क्रो त्याहून सोपे, पण ते उघडताना होणारा आवाज पहिल्या रांगेत ऐकू जातो, म्हणून ते वर्ज्य. नवे कापड आधी पाण्यातून काढल्यावाचून कापायचे नाही. प्रकाशाचे गणित त्याच्या पुढचे: पिवळसर नारिंगी प्रकाशात निळे लुगडे काळवंडते, हिरव्या प्रकाशात तांबडे काळे पडते, म्हणून दुकानात ट्यूबलाइटखाली पसंत केलेला रंग हा पसंत केलेला नव्हेच. मूकपटांच्या काळी हीच अडचण कॅमेऱ्याची होती; त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग कळत नसे, त्यामुळे तांबडे सारे पडद्यावर काळे उमटे आणि निळे पांढरट पडे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांसारखी माणसे जेव्हा चित्रपट काढू लागली तेव्हा कपडा डोळ्यांना कसा दिसतो याबरोबर यंत्राला कसा दिसतो हेही त्यांना मनात धरावे लागले असणार, आणि हे शिकविणारी शाळा तर त्यांना नव्हतीच.

मराठी रंगभूमीवरच्या वेशाचा विषय निघाला की बालगंधर्वांचे नाव अटळपणे येते, आणि ते यायलाही हवे. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीने शालू, पैठण्या, दागदागिने, अत्तरे यांवर हात राखून खर्च केला नाही. बालगंधर्वांच्या भामिनी आणि रुक्मिणी या भूमिकांतल्या नेसण्यावरून, केशरचनेवरून घरंदाज स्त्रियांनी आपली नेसण आणि केशरचना बेतली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. नटाच्या अंगावरचा वेश समाजाच्या अंगावर जाऊन बसावा याहून मोठा विजय वेशभूषेला मागता येणार नाही. मला त्या वैभवाविषयी मनःपूर्वक आदर आहे. तरी अभ्यासक म्हणून माझे मन अधिक ओढ घेते ते दुसऱ्या एका परंपरेकडे, जी १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटातल्या नागवल्या गेलेल्या शेतकऱ्यापाशी सुरू होते आणि १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये पूर्णत्वास जाते. त्या चित्रपटातली तुकारामांची पत्नी जिजाई पाहावी. ती भूमिका करणाऱ्या गौरीबाईंच्या अंगावरचे ते साधे लुगडे कोणी ‘डिझाइन’ केले आहे असे क्षणभरही वाटत नाही. ते घरातल्या कामाला, म्हशीला, पोरांना, उपासमारीला आणि देवावरच्या रागाला सरावलेले आहे. पदर खांद्यावरून सरकला की तो सावरण्याचा हात जसा जातो तसा नुसत्या सूचनेने कोणाचा जात नाही. बालगंधर्वांचा शालू आपल्याला दिपवितो. जिजाईचे लुगडे आपल्याला तिच्या घरात नेते, आणि वेशभूषेकडून माझी अपेक्षा हीच आहे.

असे सरावलेले कापड आणायचे कुठून, हा आमच्या शिक्षणातला फार मोठा धडा होता. बुधवारी आणि रविवारी पुण्यात भरणारा जुना बाजार आम्ही पालथा घालीत असू. केळकर संग्रहालयात जाऊन जुन्या वस्तू ज्या हातांनी वापरल्या त्यांचा माग काढीत असू. आणि दारावर येणाऱ्या बोहारणीची वाट तर गृहिणींपेक्षा आम्हीच अधिक पाहत असू. भांड्यांच्या मोबदल्यात घराघरांतून जुने कपडे गोळा करणाऱ्या या बायकांची नजर कोणत्याही प्राध्यापकाहून तीक्ष्ण असते. साडी हातात घेऊन उजेडाकडे धरली की ती कुठे विरली आहे, किती धुणी तिने सोसली आहेत, बसून काम करणारीची की उभ्याने काम करणारीची, हे त्या क्षणात ओळखतात. कारण त्यावर त्यांची भाकर अवलंबून असते. कारकुनाच्या सदऱ्याची उजवी बाही टेबलाच्या कडेला घासून डावीच्या आधी जाते. डोक्यावरून पाट्या वाहणारीचा पदर मध्यभागी विरतो. जात्यावर बसणारीचे लुगडे मांडीपाशी फिकटते. झीज ही अंदाधुंद नसते, ती व्यवसायाच्या वाटेने जाते. आणि नव्या कापडाला जुने करताना, म्हणजे चहाच्या पाण्यात बुडविताना, पॉलिश पेपरने वा तारेच्या ब्रशने घासताना, ओल्या कोटाच्या खिशांत दगड भरून तो ओघळावा म्हणून टांगून ठेवताना, ही वाट ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातून सगळीकडे सारखाच मळलेला कपडा तयार होतो. असे कपडे आजच्या मालिकांतून आणि चित्रपटांतूनही सर्रास दिसतात. शेतमजुराच्या पात्राला एकसारखा तपकिरी रंग फासलेला पाहिला की मला त्या पात्राचा नव्हे, ज्यांचे जिणे असे उरकून दाखविले त्या माणसांचा अपमान झाल्यासारखे वाटते.

चित्रपटाने या कामात आणखी भर घातली. नाटकातला पोशाख एका संध्याकाळी सुरुवातीपासून शेवटापर्यंत क्रमाने जगतो. चित्रपटात आज शेवटचा प्रसंग आणि पुढच्या महिन्यात पहिला असे चित्रण होते, म्हणून एकच सदरा नवा, मळका, फाटलेला, भिजलेला अशा अनेक प्रतींत तयार ठेवावा लागतो, आणि कोणत्या क्षणी बाही किती वर दुमडली होती, वरचे बटण लागलेले होते की उघडे, याची नोंद छायाचित्रांसह ठेवावी लागते. चित्रपटवाले याला कंटिन्युइटी म्हणतात. या नोंदवह्या वाचताना मला पुन्हा जामदारखाना आठवतो. तितकीच काटेकोर, तितकीच निरलस अशी ती दफ्तरदारी असते.

आणि येथे भानू अथैया यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यात १९२९ साली जन्मलेली ही मुलगी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकली, १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांबरोबर तिची चित्रे मांडली गेली, आणि तिथून ती चित्रपटांच्या कपड्यांकडे वळली, तेव्हा हा विषय शिकविणारे विद्यापीठ तिच्यासमोर नव्हते. ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. ‘गांधी’ या चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना १९८३ साली ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. बातमी म्हणून ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु काम म्हणून तो चित्रपट किती जणांनी पाहिला असेल? महात्माजींचे आयुष्य हे वेशाच्या दृष्टीनेही एक महाकाव्य आहे. लंडनला शिकलेला, सुटाबुटातला बॅरिस्टर. १९१५ साली मायदेशी उतरलेला, काठियावाडी फेटा-अंगरखा ल्यालेला पुरुष. आणि १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला केवळ पंचा नेसून लोकांसमोर आलेला महात्मा: एकेक वस्त्र गळत जाते आणि माणूस मोठा होत जातो. वेशभूषाकाराची नेहमीची साधने, म्हणजे रंग, पोत, अलंकार, येथे कथेबरोबर एकेक करून हातातून काढून घेतली जातात, आणि शेवटी उरते ती खादी. कस्तुरबांची भूमिका त्यात रोहिणी हट्टंगडी यांनी केली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, इब्राहिम अल्काझींच्या शिस्तीत तयार झालेली ही अभिनेत्री; ज्या अल्काझींच्या नाटकांची वेशभूषा रोशन अल्काझी करीत आणि ज्या रोशनबाईंचा प्राचीन भारतीय वेशभूषेवरचा ग्रंथ आम्ही विद्यार्थी हाताने चित्रे उतरवून घेत अभ्यासत होतो. तरुणपणापासून वार्धक्यापर्यंतच्या त्या कस्तुरबा पाहाव्यात: पदर डोक्यावरून घेण्याची पद्धत, खादीचा जाडपणा वाढत जातो तसे खांद्यांचे किंचित झुकणे, बसताना साडी आवरण्यातली कमी कमी होत गेलेली घाई. यात शिवणाऱ्याचे किती आणि अभिनय करणारीचे किती, हे मला आजही वेगळे करता येत नाही.

समूहाचे काम त्याहून निराळे. ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकातली ब्राह्मणांची रांग आठवावी. १९७२ च्या त्या प्रयोगात एकसारख्या धोतर-उपरण्यांतली ती माणसे तोंड फिरवून उभी राहिली की त्यांचीच भिंत होई. प्रत्येकाला वेगळा पोशाख दिला असता तर भिंतीला भोके पडली असती. एका माणसाला उठून दिसू देणे जितके कठीण, तितकेच पुष्कळांना एक होऊ देणे.

भानूताई २०२० साली गेल्या. त्याआधी, २०१२ साली, आपली ऑस्करची मूर्ती आपल्या पश्चात सुरक्षित राहावी म्हणून त्यांनी ती अमेरिकेतल्या अकादमीकडेच परत सोपविली. त्या निर्णयाला मी दोष देत नाही. माझी खंत आपल्या बाजूची आहे. नाटक कंपन्या बुडाल्या तेव्हा त्यांचे कपडेपट लिलावात गेले, उरले ते भाड्याच्या ड्रेपरीत मिसळले, कसरीने खाल्ले, पावसाने कुजले. ज्या पिढ्यांनी चौबगला बसविला त्यांची विद्या त्यांच्या बोटांबरोबर गेली. आज वेशभूषेचे शिक्षण देणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने एक कोरडी, उंदीर-कसरीपासून राखलेली, कुलूपबंद खोली काढावी, तिला हवे तर जामदारखानाच म्हणावे, आणि गाजलेल्या प्रयोगांचे पोशाख मागून घेऊन, न धुता, न दुरुस्त करता, घामाच्या डागांसकट तेथे ठेवावेत. विद्यार्थ्यांना ते हाती धरू द्यावेत, उलटे करून आतल्या शिवणी पाहू द्याव्यात. प्रत्येक वस्त्रामागे एक पत्रक असावे: नाटक कोणते, भूमिका कोणती, अंगावर कोणाच्या होते, पहिला प्रयोग कधी झाला, कापड कोठले, पुढे कोणासाठी किती सैल वा तंग केले. आणि नटाच्या नावाच्या रकान्याएवढाच एक रकाना, ज्याने ते शिवले त्याच्या नावासाठी.